अशोकनगरच्या गल्लीतलं भाडेकराराचं दुकान : भाड्याने राहणाऱ्यांनी एकदा तरी जाऊन या

नाशिकमध्ये सातपूरला अशोकनगर स्टॉपवर उतरलं की भाजीवाल्यांच्या मागून एक गल्ली आत जाते, तिथे पिठाच्या गिरणीला लागून आठ बाय दहाचा एक गाळा आहे. दुकानाला नाव असं काही नाहीच, बाहेर पत्र्यावर नुसतं "भाडेकरार, उत्पन्न दाखला, पॅन, म्हाडा फॉर्म" एवढंच रंगवलंय. आत एक ताई बसतात. त्यांचं नाव लिहू नको असं त्यांनी स्वतःच सांगितलंय म्हणून लिहीत नाही, पण गिरणीवर विचारलं की कोणीही दाखवेल.

मी अंबडला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर पॅकिंगला आहे, आमचे मिस्टर भाड्याचा टेम्पो चालवतात, दोघांचं मिळून महिन्याला १८ हजार पडतात, कधी कधी तेवढेही नाही. वन आरकेत राहतो, भाडं ५,५००, डिपॉझिट १५ हजार, लाईट बिल वेगळं. दोन मुलं. हे सगळं आधीच सांगते म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की मी कुठल्या बाजूने लिहितेय.

झालं असं की दिवाळीच्या सुमारास आमच्या चाळीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला की गरीब भाडेकरूंचं अर्धं भाडं आता सरकार भरणार, लवकर फॉर्म भरा. आणि चारच दिवसात एक माणूस बॅग घेऊन हजर, फॉर्मचे १,५०० रुपये, आधारची झेरॉक्स, बँक पासबुक, दोन फोटो. आमच्या लायनीतल्या सात घरांनी भरले. मी पण भरले, खोटं कशाला बोलू, पगार झालेला होता आणि अर्धं भाडं म्हणजे महिन्याला पावणेतीन हजार, त्यात पोरीच्या क्लासची फी निघते. पुढे महिना गेला, दोन महिने गेले, त्याचा फोन बंद. मग शेजारच्या मावशी म्हणाल्या गिरणीजवळ एक बाई बसते ती खरं सांगते, चल विचारून येऊ.

तर पहिलाच अनुभव सांगते. आम्ही गेलो तेव्हा ताईंनी पावती मागितली, पावती नव्हतीच, मग त्यांनी सरळ सांगितलं की अशी योजना आपल्याकडे नाहीये, ते पैसे गेले समजा, पण आधार आणि पासबुक दिलंय ना, तर आधी बँकेत जाऊन सांगा आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या. लॉक त्यांनी तिथल्या तिथे करून दिलं, पैसे घेतले नाहीत. मला तेव्हा इतकं वाईट वाटत होतं की त्यांनी पैसे घेतले असते तरी मी दिले असते.

मग मी विचारलं की ताई, व्हिडिओत तो माणूस एवढं ठासून बोलत होता, काहीच खरं नाही का त्यात. तर त्यांनी जे समजावलं ते मला आजपर्यंत कोणी समजावलं नव्हतं. त्या एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी झालेल्या आहेत, अभ्यासात हे सगळं शिकलेल्या. म्हणाल्या भाड्याला मदत ही गोष्ट आहे, पण अमेरिकेत, तिला सेक्शन ८ म्हणतात, १९७४ च्या कायद्यापासून चालू आहे. तिथे गरीब कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाड्यात घालायचे, वरचा फरक सरकारी हाउसिंग ऑफिस थेट घरमालकाला देतं, भाडेकरूच्या हातात पैसे येत नाहीत, आणि खोली भाडेकरूनेच बाजारात शोधायची. भाड्याची मर्यादा ठरलेली असते म्हणजे कोणी बंगला घेऊन बसत नाही. आणि तिथेसुद्धा पात्र असलेल्या चार घरांत साधारण एकालाच मिळते, बाकीचे वर्षानुवर्षं वेटिंगला.

मग त्यांनी कॅल्क्युलेटर काढला आणि मावशींकडे बघून विचारलं, तुम्हाला किती मिळतात? मावशी तीन घरी स्वयंपाक करतात, ९ हजार मिळतात, एकट्याच आहेत, खोलीचं भाडं ४,५००. म्हणजे निम्मे पैसे खोलीला. ताई म्हणाल्या ९ हजाराचे ३० टक्के २,७००, तिथल्या हिशोबाने तुम्ही एवढे भरले असते आणि वरचे १,८०० सरकारने. मावशी काही बोलल्या नाहीत, तो आकडा लिहिलेला कागद मात्र त्यांनी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला. मला ते अजून डोळ्यासमोर येतं.

आपल्याकडे भाड्यावर सवलत आहे ती कोणाला, तर टॅक्स भरणाऱ्याला. पगारात एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता असेल तर त्यावर सूट, एचआरए नसेल तर महिन्याला जास्तीत जास्त ५ हजारापर्यंत वजावट, दोन्ही जुन्या टॅक्स पद्धतीतच. आमचं उत्पन्न टॅक्सपर्यंत पोचतच नाही, म्हणजे ज्याला भाडं सगळ्यात जड जातं त्यालाच ती सवलत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं आणि हे कुठे तरी लिहायचंच होतं.

एक गोष्ट मात्र आहे आणि ती फार लोकांना माहीत नाही, म्हणून सांगते. विद्यार्थ्यांना भाड्याचे पैसे मिळतात. अनुसूचित जातीच्या ज्या मुलामुलींना सरकारी हॉस्टेलला नंबर लागत नाही त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, त्यात जेवण, राहणं आणि निर्वाह भत्ता धरून पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात, नाशिकसारख्या विभागीय शहराला वर्षाला ५१ हजार, त्यातले १५ हजार राहण्याचे. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, मार्क आणि हजेरीची अट आहे. आदिवासी मुलांसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना. आमच्या वरच्या खोलीत धुळ्याकडच्या दोन मुली राहतात, त्यांना हे माहीतच नव्हतं, एकीचा फॉर्म ताईंनी भरून दिला, घेतले फक्त ५० रुपये.

आता घरकुलाचं. मी तिथे गेले तेव्हा माझ्या डोक्यात घरकुल, म्हाडा, सबसिडी सगळं एकच होतं. कोणी काहीही सांगतं, अडीच लाख मिळतात, घर फुकट मिळतं, नगरसेवकाची चिठ्ठी लागते. ताईंनी एका कोऱ्या कागदावर चार चौकोन काढले आणि म्हणाल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून चालू झालीये, तिचे हे चार दरवाजे आहेत, तुमचा कुठला ते बघू. पहिला म्हणजे स्वतःच्या जागेवर घर बांधायला अनुदान. आमची नाशकात जागा नाही, तिथे काट मारली. दुसरा भागीदारीतली परवडणारी घरं, म्हणजे म्हाडा किंवा महापालिका किंवा बिल्डर प्रोजेक्ट करतो आणि त्यातलं घर आपण घ्यायचं, अनुदान किमतीतून कमी होतं, बाकीचे आपणच भरायचे. तिसरा परवडणारी भाड्याची घरं. चौथा कर्जाच्या व्याजावर सबसिडी.

तिसऱ्या चौकोनावर मी लगेच बोट ठेवलं. भाड्याचंच तर पाहिजे होतं! ताई म्हणाल्या कल्पना चांगली आहे, २०२० मध्ये लॉकडाऊनला लोक पायी गावाकडे निघाले त्यानंतर ही सुरू झाली, आधीच्या योजनेत बांधून रिकामी पडलेली सरकारी घरं कामगारांना कमी भाड्याने द्यायची किंवा कंपन्यांनी स्वतःच्या जागेवर बांधायची. चंदीगड, सुरत, अहमदाबाद इकडे रिकामी घरं अशी भाड्याने दिली. पण आपल्या शहरात असा प्रोजेक्ट उभा असेल तर अर्ज, नसेल तर नुसता फॉर्म भरून काय उपयोग, आणि माझ्याकडून आत्ता तो भरून घेऊ नका, प्रोजेक्ट निघाला की मी बोर्डावर लिहीन. एका फॉर्मचे पैसे त्यांनी त्या दिवशी हातचे सोडले. सातपूर अंबडमध्ये एवढ्या कंपन्या, एवढे बाहेरगावचे लोक एका खोलीत सहा सहा जण राहतात, इथे अशी भाड्याची घरं पाहिजेतच, एमआयडीसीच्या जवळ, चालत जाता येईल अशी. सिडकोने कधी काळी कामगारांसाठी नवीन नाशिक वसवलं ना, मग आता का नाही.

मग राहिले दुसरा आणि चौथा. आमचं वर्षाचं २ लाख १६ हजार होतं, ३ लाखांच्या आत म्हणजे ईडब्ल्यूएस, आर्थिक दुर्बल गट. ३ ते ६ लाख एलआयजी म्हणजे अल्प उत्पन्न गट, ६ ते ९ लाख एमआयजी म्हणजे मध्यम. मी म्हटलं पण सासऱ्यांचं गावाला पेठकडे स्लॅबचं घर आहे, आपण बाद. इथे ताईंनी जे सांगितलं त्यासाठीच मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला खरं तर. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. सासऱ्यांच्या नावावर घर असलं तर ते तुमचं धरत नाहीत. भारतात कुठेही तुमच्या या चार जणांपैकी कोणाच्या नावावर पक्कं घर नसलं पाहिजे आणि मागच्या २० वर्षांत कुठल्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसला पाहिजे. पण ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे तो उतारा, आधी काढून बघा, कधी कधी सासऱ्यांनी मुलांची नावं घातलेली असतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. आम्ही काढला. नाव एकट्या सासऱ्यांचंच होतं. सात वर्षं आम्ही आपण बसतच नाही म्हणून गप्प होतो.

व्याजाच्या सबसिडीचं पण नीट कळलं. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांच्या मुदतीपर्यंत ४ टक्के व्याज सबसिडी, सगळी मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार आणि ती एकदम मिळत नाही, पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. हप्ता यायच्या वेळी कर्ज चालू पाहिजे आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी पाहिजे. एजंट लोक सांगतात "पावणेदोन लाख खात्यात", ते अर्धवट आहे. आणि ताईंनी हेही सांगितलं की तुमच्या मिस्टरांची सॅलरी स्लिप नाही, बँक आधी तेच बघेल, तर आजपासून टेम्पोचे पैसे रोख न घेता खात्यात घ्या, वर्षभराचं स्टेटमेंट तयार होऊ द्या. मिस्टरांना ते पटायला वेळ लागला पण आता क्यूआर कोड टेम्पोच्या काचेला चिकटवलाय.

म्हाडाची लॉटरी वेगळी. तिची उत्पन्नाची मर्यादा वेगळी, घर नावावर नसण्याची अट त्या शहराच्या हद्दीपुरती. आणि म्हाडाच्या लॉटरीत जी खासगी बिल्डरच्या बिल्डिंगमधली घरं असतात ती कुठून येतात तेही तेव्हाच कळलं, ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर स्कीम केली की बिल्डरला २० टक्के घरं अल्प उत्पन्न वाल्यांसाठी ठेवावी लागतात आणि ती लॉटरीने जातात. म्हणजे गंगापूर रोडला काय किंवा पाथर्डी फाट्याला काय, मोठी स्कीम उभी राहताना दिसली की त्यात आपल्यासारख्यांचा हिस्सा कायद्यानेच आहे. हे कळल्यापासून मी बसमधून जाताना असे बोर्ड बघते. फॉर्मला अधिवास दाखला लागतो, उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा आयटीआर म्हणजे टॅक्स रिटर्न, दोघांचे आधार पॅन. हे आधी काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावपळ करू नका. म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत, हे ताईंनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलंय. बाकी लॉटरी ती लॉटरी, लागेल तेव्हा लागेल.

आता ज्या कामासाठी दुकान मुख्य चालतं ते, भाडेकरार. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण माझं म्हणणंच हे आहे की आपल्यासारख्यांचं पहिलं घर म्हणजे हा कागद. आमच्याकडे सात वर्षं १०० च्या स्टॅम्पवरचा नोटरीवाला करार होता, तोही मालकाकडे, आमच्याकडे झेरॉक्स. त्यावर गॅस मिळाला नाही, बँकेत पत्ता बदलला नाही, आणि धाकट्याचं आरटीईचं, म्हणजे खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागेचं ॲडमिशन गेलं, कारण भाड्याने राहणाऱ्यांना पत्त्यासाठी नोंदणी केलेलाच करार लागतो. शाळेत नंबर लागूनसुद्धा कागद तपासणीत बाद. तो दिवस मी विसरणार नाही, पोराला नवीन दप्तर घेऊन ठेवलं होतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याचं कलम ५५. करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी पाहिजे, आणि ती करायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. मला वाटायचं आपण मालकाला विनंती करतोय!

तरी आमचे मालक तयार नव्हते. त्यांना वाटायचं नोंदणी केली की भाडेकरू खोली बळकावतो. ताईंनी त्यांना फोन करून बोलावलं, ते आले, हेल्मेटही काढलं नाही, उभ्या उभ्याच म्हणाले मला वेळ नाही. ताई आवाज न चढवता बोलल्या, की काका, नोंदणीचा करार तुमच्याच फायद्याचा आहे, मुदत संपून यांनी खोली सोडली नाही तर कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि राहतील तेवढ्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं, नोटरीच्या कागदावर तुम्हाला कोर्टात वर्षं जातील. काकांनी हेल्मेट काढलं, स्टूल ओढलं आणि बसले. पुढे अर्धा तास काकाच प्रश्न विचारत होते.

दुसरा मुद्दा मुदतीचा. सगळे ११ महिन्यांचा करार करतात. आमच्या मालकांचं आधीच चालू होतं की २०२७ चा कुंभमेळा येतोय, भाडी वाढणार, मला पण वाढवून पाहिजे. ताई म्हणाल्या ११ चाच पाहिजे असं कुठे आहे, लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच आपला भाडेकरार, ६० महिन्यांपर्यंत करता येतो, २२ महिन्यांचा करा, ११ महिन्यांनी ५ टक्के वाढ आत्ताच लिहा, दोघांनाही माहीत राहील. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार, ती एकदाच लागते, ११ चा असो की २२ चा. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, डिपॉझिटचं थोडं धरतात, आमच्या भाड्याला ती किरकोळच येते. ताईंची स्वतःची फी ६००. सगळा खर्च निम्मा निम्मा ठरला, तोही काकांनीच सुचवला.

नोंदणी ऑनलाइन, कुठल्या ऑफिसला जायचं नाही, तिथेच कॅमेऱ्यात फोटो आणि मशीनवर अंगठा, त्यासाठी माझं आधारचं लॉक आधी तात्पुरतं उघडलं. इथे माझा अंगठा लागेना. पॅकिंगला दिवसभर खोके आणि टेप, बोटांच्या रेषा घासून गेल्यात. चार वेळा लाल लाईट. मला भीती वाटली की आता हेही राहतं की काय. ताईंनी टेबलाखालून एक ओला स्पंज काढला, पोस्टात तिकिटाला असतो तसा, त्यावर बोट टेकवायला लावलं, मग ओढणीला पुसायला सांगितलं, थोडं थांबवलं, आणि बोट दाबायचं नाही नुसतं ठेवायचं असं सांगून माझं मनगट हलकं धरलं. हिरवी लाईट लागली. म्हणाल्या एमआयडीसीच्या बायकांचं असंच होतं, म्हणून स्पंज ठेवते. मिस्टरांचा पहिल्याच वेळी लागला.

पीडीएफ मोबाईलवर आली, तिची प्रिंट ताईंनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिली, वर आमच्या दोघांचं नाव, खोलीचा पत्ता, १५ हजार डिपॉझिट स्पष्ट लिहिलेलं. सात वर्षांत पहिल्यांदा डिपॉझिटचा आकडा कुठे तरी छापलेला बघितला.

कमी काय ते पण लिहिते. जागा फार लहान आहे, रविवारी गेलात तर गल्लीत उभं राहावं लागतं आणि गिरणीचं पीठ अंगावर येतं. दुपारी दोन ते पाच बंद. फोन उचलत नाहीत, म्हणतात समोर माणूस बसलेला असताना फोनवर बोलणार नाही, ते बरोबर आहे पण आमची सेकंड शिफ्ट असली की खेप वाया जाते. बाहेर वेळ लिहून लावली तर बरं होईल. प्रिंटर दोनदा बंद पडला, कलर प्रिंट चौकातून आणावी लागली. आणि ताई सरळ बोलतात, ज्याला गोड ऐकायची सवय आहे त्याला जड जाईल, माझ्यासमोर एका भावाला सांगितलं की दादा, तुमच्या मिसेसच्या नावावर फ्लॅट आहे, तुम्ही बसत नाही, आणि फॉर्म परत दिला.

माझ्याकडून पाचपैकी पाच, वेळेचा अर्धा कापायचा होता पण कापवत नाही. जाताना आधार, पॅन, लाईट बिल, उत्पन्नाचं जे काही असेल ते आणि मालकाचा नंबर घेऊन जा, आणि गावाकडे घर असेल तर नमुना ८. मावशी पुढच्या गुरुवारी त्यांच्या मालकीणबाईंना घेऊन करार करायला जाणार आहेत, मी सुट्टी टाकलीये, सोबत जाणार आहे.